कोनाड्यातली माती

१

दसऱ्याच्या सकाळी साडेनऊला मातीकाम करणाऱ्या चैतरामनं माटीकोठीच्या देवघरातला कोनाडा फोडला, आत हात घातला, कोपरापर्यंत घातला आणि तसाच थांबला.

"काय गा, साप हाय का?" झामसिंगभाऊंनी विचारलं.

"नाही जी मालक. काहीच नाही."

काहीच नाही म्हणजे तलवार नव्हती. पूजेचं चांदीचं निरांजन होतं, मागच्या वर्षीचा वाळून खडखडणारा नारळ होता, आणि मधली जागा रिकामी होती.

माझं नाव दुर्गाप्रसाद कटरे. छत्तीस वर्षं मी या भागात पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक डाक्टर म्हणतात आणि मीही कोणाची चूक दुरुस्त करत बसत नाही. माटीकोठीत दर दसऱ्याला मी जेवायला असतो. त्या दिवशीही भूक सपाटून लागली होती, आणि जेवण लांबणार हे कळल्यावर माझं डोकं फिरलं हे आधीच कबूल करतो.

माटीकोठी दवनीवाड्याच्या पुढं, वैनगंगेच्या काठावर आहे. बिसेन मालगुजारांनी दीडशे वर्षांपूर्वी कच्च्या विटा थापून ती उभी केली. भिंती दोन हात जाड, मागं शंभर जनावरांचा गोठा, आणि सगळी माती याच नदीची. बिसेनांचे पूर्वज मालव्यातून आले तेव्हा एक तलवार घेऊन आले. ती देवघराच्या भिंतीत राहते. दसऱ्याला कोनाडा फोडायचा, पूजा करायची आणि त्याच दुपारी पुन्हा मातीनं बुजवायचा. वर्षभर तिचं तोंड कोणी पाहायचं नाही. कोठीच्या उंबरठ्याबाहेर तर ती कधीच न्यायची नाही. कोठीचे आजचे मालक झामसिंगभाऊ अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे: "तलवार भिंतीत हाय तोवर मी कोठी सोडत नाही."

अंगणात तीस-चाळीस माणसं जमली होती. क्षणात कालवा झाला. कोणीतरी ओरडलं, "अरे पण भिंतीले हात लावते कोण?"

भाऊंचा मुलगा टिकेश गोंदियात असतो, धानाचा व्यापार करतो. पांढरा कडक शर्ट, हातात दोन मोबाईल. तो खाली बघत म्हणाला, "पोतारा तर धुरपताच मारते. घटस्थापनेच्या आधी दोन दिवस एकटीच होती देवघरात."

झालं. सगळ्या माना धुरपताबाईकडं वळल्या. ती हातात आरतीचं ताट घेऊन उभी होती. ताट पडलं नाही, पण हळदीकुंकवाची वाटी लवंडली.

२

धुरपताबाई पन्नाशीची, विधवा. सव्वीस वर्षं कोठीच्या भिंती पोतारते. छुई, म्हणजे आमच्याकडची पांढरी माती, पाण्यात कालवून भिंतीला मारायची, हे तिचं काम. गोठ्यामागं तिची एक खोली आहे, तिनंच विटा थापून बांधलेली. जागा कोठीची. भाऊंच्या बायकोनं मरताना, "धुरपता, तू इथंच राह्य," म्हटलं होतं, तेवढ्यावर ती खोली उभी आहे.

आणि आता भाऊबंदांच्या गलक्यात टिकेश म्हणून बसला, "संध्याकाळपर्यंत खोली खाली कर, बाई."

"पोलिसात देऊन टाका!" एक काका म्हणाले.

"नको, नको," टिकेश घाईनं म्हणाला. "सणाच्या दिवशी पोलीस कशाला? घरची बात घरातच राहू द्या."

भाऊ आरामखुर्चीत बसले होते. मे महिन्यात घाटावर घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून काठीशिवाय उठत नाहीत. त्यांनी मला बोलावलं. "डाक्टर, तुम्ही मुक्या जनावराचा रोग ओळखता. इथं त सारे बोलणारे हायेत. संध्याकाळी सोनं वाटाच्या आधी माले सांगा, हे बाई चोर हाय का नाही."

मी मनात म्हटलं, बोलणाऱ्यांचंच तर अवघड असतं. जनावर खोटं बोलत नाही. पण उठलो.

धुरपताबाई खोलीत होती. तिनं कपड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं होतं.

"काऊन बांधून राहिली वं? संध्याकाळ व्हायची हाय अजून."

"डाक्टर, सव्वीस वर्सं मी त्या भिंतीवरून हात फिरवला. माह्या नवऱ्याच्या पाठीवरून नाही फिरवला तेवढा. आन मी चोर?" तिनं गाठोड्याची गाठ ओढून घट्ट केली. "आता कोनाच्या दारात जाऊ? लोक काय म्हनतीन, सामान मोजून घ्या म्हनतीन."

"थांब जरा. सांग, वर्षातून किती वेळा पोतारतं?"

"दोनदा. दिवाळीच्या आंदी एकदा, घटस्थापनेच्या आंदी एकदा. बाकी नाही."

"मधात कधी कोनाडा वेगळा दिसला?"

ती थांबली. "दिसला जी. मी पोरीच्या बाळंतपनाले अर्जुनी मोरगावले गेली होती. होळीले गेली त पानी पडल्यावरच आली, आखाड लागता लागता. आली त कोनाड्यावरची छुई निंगून गेलेली, माती दिसे. मालकाले सांगतलं. मालक म्हने, ओल आली असन. माले बी पटलं. मग घटस्थापनेले मारली छुई त्याच्यावर."

"हे आंगणात काऊन नाही सांगितलं?"

"कोनी विचारलं का?"

बरोबर होतं. कोणीच विचारलं नव्हतं.

३

अंगणात आणखी एक माणूस उगाचच गोड हसत फिरत होता. उमेंद्र, गोंदियाचा, जुनी दारं-चौकटी विकत घेऊन मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना विकणारा. टिकेशचा मित्र. मला हा प्राणी पहिल्यापासून आवडत नव्हता, म्हणून मी त्यालाच आधी धरलं.

"तलवार तुम्हाला पाहिजे होती म्हणे?"

"छुपाना क्या है काका?" तो म्हणाला. "मागच्या दिवाळीत बाबुजींना विचारलं होतं. त्यांनी काठी उचलली. त्यानंतर आजच आलो. चाहे तो टिकेशला विचारा."

"आत निरांजन होतं, पाहिलं?"

"देखा ना. जुनी चांदी, भारी काम आहे. चोर पागल होगा जो छोड़ गया." असं म्हणताना त्याचे डोळे असे चमकले की माझा संशय तिथंच विरघळला. या माणसानं कोनाडा फोडला असता तर निरांजन सोडलं नसतं, वाळका नारळही विकायला नेला असता.

मग मी टिकेशकडं गेलो. ओसरीवर एकटाच बसला होता. लहानपणी हा पोरगा कोठीत दिसायचाच नाही. कायम चैतरामच्या मागं, चिखलात, अंगभर माती. त्याची आई त्याला शोधायला गोठ्यामागं जायची. आता शर्टावर धुळीचा कण दिसला तरी झटकतो.

"काका, बाबुजींना समजवा ना," तो म्हणाला. "तलवारच गेली, आता कोठीत काय राहिलं? ऑगस्टमध्ये पूर दुसऱ्या पायरीपर्यंत आला होता. नदी काठ खाऊन राहिली आहे. माझ्या घरी लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे."

"तलवार शोधायची नाही का?"

"शोधू ना. पण आता ती कुठं मिळणार?"

ज्याच्या घरची चोरी झाली तो माणूस असं बोलत नाही. बैल हरवला तरी माणूस आठ गावं पालथी घालतो. पण नुसतं बोलण्यावरून कोणावर बोट ठेवायला मी काही अंगणातला काका नव्हतो. उठताना माझी नजर ओसरीच्या कोपऱ्यावर गेली आणि पायाच्या अंगठ्यातली जुनी कळ आठवली. मे महिन्यात भाऊंना पाहायला आलो तेव्हा ओल्या पोत्याखालच्या एका घमेल्याला ठेचकाळून नख गेलं होतं. तेव्हा बाप झोपून होता आणि टिकेश बारा दिवस इथंच राहून त्याचं करत होता.

मी देवघरात गेलो.

४

फोडलेल्या मातीची ढेकळं अजून खाली पडली होती. चैतराम त्यांच्याजवळ उकिडवा बसला होता. सत्तरीचा गडी, या भागातला मातीच्या भिंतींचा शेवटचा कारागीर. कोनाडा दरवर्षी तोच बुजवतो, तोच फोडतो. एक ढेकूळ त्याच्या हातात होतं. तो ते अंगठ्यानं चोळत होता, मध्येच वास घेत होता. मला बघितल्यावर त्यानं ते खाली ठेवलं.

"काय पाहून राहिला गा?"

"काही नाही जी."

मी ढेकूळ उचललं. कडेला पांढरी रेघ होती. एकच. मागच्या दसऱ्याला बुजवलेल्या मातीवर छुईचे दोन हात बसायला हवे होते, दिवाळीचा एक आणि घटस्थापनेचा एक. म्हणजे ही माती दिवाळीनंतरची होती. धुरपताबाईनं पाहिलेली उघडी माती हीच.

मग मी चष्मा पुसून ढेकूळ मोडलं. मातीत तणस नव्हतं. आमच्याकडं भिंतीच्या मातीत धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालतात, ते पिवळं आणि लांब असतं. हे बारीक होतं, मुरडलेलं, आणि त्यात एक फुटका दाणा होता, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. जन्मभर जनावरांच्या गव्हाणीत हात घातलेल्या माणसाला तो ओळखायला काय लागतं? लाखोरी. लाखोरीचं कुटार, म्हणजे लाखेच्या डाळीचा भुसा.

तेव्हा मला एप्रिल आठवला. कोठीच्या तणसाच्या ढिगाला विजेच्या तारेची ठिणगी लागली आणि सगळं तणस एका दुपारी जळून गेलं. जनावरांना फक्त लाखोरीचं कुटार उरलं. मीच येऊन बजावलं होतं की एवढं घालू नका, पाय धरतात. जूनमध्ये उन्हाळी धान निघालं तेव्हाच नवं तणस आलं. म्हणजे ही माती एप्रिल ते जूनच्या मधली, आणि कोठीतच कालवलेली. त्या दिवसांत धुरपताबाई अर्जुनी मोरगावला नातवाला न्हाऊ घालत होती.

"चैतराम, तुझ्या घरी तणस हाय?"

"मांडवावर बाराही महिने राह्यते."

"मंग तू काम केलं असतं त तुझं तणस आणलं असतं. कुटार नसतं घातलं."

"कुटार जनावराच्या तोंडचं. मी मातीत घालत नाही."

"आन ही माती फाटली काऊन नाही? एवढी जाड, भर उन्हाळ्यातली. एक तडा नाही."

त्यानं एक ढेकूळ पुन्हा उचललं. मग जमिनीकडं पाहत म्हणाला, "आठ दिवस मुरवली हाय. रोज पाय देल्ला हाय. घाईची माती फाटतेच."

"हे आता कोणाले येते, चैतराम? तुझं पोरगं त सुरतेले गेलं, शिकलं नाही. तू शिकवलं कोणाले?"

त्याच्या डोळ्यातून टपकन पाणी पडलं. "डाक्टर, माले नोका विचारू जी," तो म्हणाला.

मला विचारायची गरजही राहिली नव्हती.

५

चार वाजता मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळं मी फार लांबण लावली नाही.

"धुरपताबाई चोर नाही," मी म्हटलं. मग दोन पांढऱ्या रेघांच्या जागी एक, जळलेलं तणस, लाखोरीचा दाणा, हे सगळं ढेकूळ हातात धरून दाखवलं. अर्जुनी मोरगावच्या बाळंतपणाला तर निम्मं गाव साक्षीला होतं. मघाचे काका खोकून दुसरीकडं पाहू लागले.

"उमेंद्र नाही," मी पुढं म्हटलं. "निरांजन जाग्यावर हाय. ज्यानं तलवार काढली त्याले विकायची नव्हतीच. आन त्याले माती मुरवता येत होती. आठ दिवस, रोज पाय देऊन. बाहेरचा माणूस इथं आठ दिवस माती तुडवत बसणार नाही. नवशिक्या असता त त्यानं चिखल थापून लिंपून देल्ला असता, आन चार दिवसांत भिंत फाटून बोंब झाली असती. याच्या हातून खोटं काम झालंच नाही. चोरी केली, पण माती इमानानं केली."

भाऊंची काठी जमिनीवर आपटली. "नाव सांगा, डाक्टर."

"मे महिन्यात बारा दिवस कोठीत कोण होतं, भाऊ? तुम्ही खाटेवर होते. या कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली घमेलं होतं, माझं नख गेलं त्याच्यापायी. मी समजलो त्यात पाणी असन. मुरत होती ते माती."

टिकेशनं दोन्ही मोबाईल बाजूला ठेवले.

"कुठं हाय ते?" भाऊंनी विचारलं.

"घरातच आहे, बाबुजी." त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "उंबरठ्याबाहेर नाही नेली. माजघरातल्या रिकाम्या ढोलीत आहे. खाली, पोत्यात."

तो आत गेला. धानाची जुनी ढोली सरकवल्याचा आवाज आला. मग तो बाहेर आला, दोन्ही हातांवर तलवार आडवी धरून, आणि बापाच्या पायाशी ती ठेवून तिथंच बसला.

"काऊन?" भाऊ म्हणाले. एवढंच.

"तुम्ही म्हणता तलवार भिंतीत आहे तोवर हलत नाही. मग मी काय करू? पूर आला की मी गोंदियात झोपत नाही. फोन लागत नाही, रस्ता बंद. मेमध्ये तुम्ही घाटावर तीन घंटे पडून होते. तीन घंटे, बाबुजी! मला वाटलं तलवार नसली तर तुम्ही याल." तो रडू लागला. "दसऱ्याला कळेल, थोडं वाईट वाटेल, मग नेऊ तुम्हाला. धुरपतामावशीचं नाव घ्यायचं नव्हतं मला. सगळे ओरडले आणि माझ्या तोंडून निघालं. मग परत घेता आलं नाही."

"परत घेता येत होतं," धुरपताबाई म्हणाली. ती खांबाजवळ उभी होती. "सकाळपासून चार वाजेपर्यंत घेता येत होतं, टिकेश. मी गाठोडं बांधून राहिली होती तेव्हा तू या ओसरीवर बसून होता."

खरं सांगायचं तर मला टिकेशची दया आली आणि त्याच वेळी दोन मुस्काटात द्याव्या असंही वाटलं.

चैतराम पुढं झाला. त्यानं टिकेशच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण त्याच्याजवळ खाली बसला. "माती मी हातात घेतली तेव्हाच समजलं होतं," तो म्हणाला. "माह्या हाताची चाल हाय ते. बोललो नाही, चुकलो. बाई, माले बी माफ कर."

६

भाऊंनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "टिकेश, पाण्याचे चार महिने मी तुझ्याकडं येईन. तुले भीती वाटते हे तू माले सांगितलं असतं त कदाचित मागंच आलो असतो. बाकीचे महिने इथंच. आन कोनाडा आता तूच बुजवायचा. माती आठ दिवस मुरते ना? मंग आठ दिवस इथंच राहायचं."

"हो, बाबुजी."

मग ते धुरपताबाईकडं वळले. "तुह्यावर अन्याय झाला, बाई. माह्या घरात झाला. तुले काय पायजे ते सांग."

मला वाटलं ती काही नको म्हणेल. अशी माणसं नेहमी काही नको म्हणतात. तिनं पदर खोचला.

"माले कागद पायजे, मालक. माह्या खोलीच्या जागेचा. बाईसाहेबाच्या बोलन्यावर घर उभं होतं, ते टिकेशच्या बोलन्यानं सकाळी पडलं. आता बोलन्यावर नोको."

"देल्ला," भाऊ म्हणाले. "सोमवारी तहसीलीत जाऊ. डाक्टर, तुम्ही साक्षीदार."

संध्याकाळी अंगणात आपट्याची पानं वाटली. टिकेश सगळ्यात आधी धुरपताबाईसमोर आला. तिनं हात पुढं केला नाही. "सकाळी ज्यायच्या समोर म्हटलं, त्यायच्या समोरच म्हन," ती म्हणाली. टिकेश वळला आणि त्यानं त्या तीस-चाळीस माणसांना मोठ्यानं सांगितलं की तलवार मी काढली होती आणि मावशीवर खोटा आळ घेतला. मग तिनं पान घेतलं.

जेवण आम्हाला सात वाजता मिळालं. थंड होतं, पण मी तक्रार केली नाही.

नवव्या दिवशी मी मुद्दाम गेलो. टिकेश बनियनवर होता, गुडघ्यापर्यंत माती, तलवार आत ठेवून कोनाडा बुजवून झाला होता. यंदा तणस होतं, धानाचं. चैतरामनं अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि मान हलवली. दिवाळीसाठी छुई कालवून धुरपताबाई भिंत पोतारत आली, कोनाड्याच्या कडेपर्यंत आली आणि तिथं हात उचलला.

"एवढा तुकडा राहिला ना वं," मी म्हटलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्याच्यावर यंदा मी छुई मारत नाही. मातीच दिसू द्या."

माटीकोठीच्या देवघरात गेलात तर पांढऱ्या भिंतीत हातभर चौकोन भुरा दिसेल. पाहुणे विचारतात, ओल आली का? टिकेश घरी असला तर तोच त्या दसऱ्याची गोष्ट सांगतो.